सुरुवातीच्या जॉब साइट वापरायला नेमक्या कुठे अवघड होत्या?

प्रश्न असा आहे: १९९० च्या दशकातल्या नोकरी शोधण्याच्या साइट आज आर्काइव्हमध्ये पाहिल्या की गबाळ्या आणि भडक दिसतात. त्या वापरायला खरंच वाईट होत्या, की आजच्या सवयींमुळे आपल्याला तसं वाटतं? वाईट असतील तर कशात?

वाईट होत्या, पण दिसण्यात नव्हे. मी बरीच वर्षं भरतीच्या सॉफ्टवेअरमधले सर्च आणि अर्जाचे फॉर्म माणसांसमोर ठेवून तपासण्याचं काम करतो. माझं मत असं की ज्या गोष्टींवरून त्या साइटची टर उडवली जाते, म्हणजे राखाडी पार्श्वभूमी, निळ्या लिंका, लुकलुकणारे बॅनर, त्यांनी क्वचितच कोणाची नोकरी हुकवली असेल. नोकरी हुकायची ती दुसऱ्याच कारणाने. जाहिरात कंपनी लिहायची, पैसे कंपनी भरायची, वर्गवारी कंपनीच्या सोयीची असायची, आणि शोधणाऱ्याने मात्र कंपनीच्या डोक्यातले शब्द ओळखून दाखवावेत अशी अपेक्षा होती.

हे आर्काइव्हमध्ये दिसत नाही, कारण जुनी वेबपानं साठवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हने १९९६ पासून पानं जपली. पानांमागचे डेटाबेस जपले नाहीत. जुन्या साइटचं मुखपृष्ठ उघडतं, 'सर्च' दाबलं की काहीच होत नाही. म्हणून चर्चा मुखपृष्ठावरच अडकते. त्यापेक्षा त्या पानाचा एचटीएमएल सोर्स उघडून फॉर्ममधले पर्याय वाचा: कोणते प्रांत, कोणते व्यवसाय, कोणतं खानं सक्तीचं. तिथे जास्त सापडेल.

आधी वेबच्या पूर्वीचं थोडं सांगतो, कारण वेब आल्यावर काही बाबतींत आपण मागे गेलो. अमेरिकेत सरकारी रोजगार यंत्रणेने संगणकावर नोकऱ्यांची यादी ठेवायला १९६० च्या दशकाच्या शेवटी सुरुवात केली होती; बाल्टिमोरमधली १९६८ ची 'जॉब बँक' त्यातली पहिली. उमेदवार संगणकाला हात लावत नसे. छापील यादी कार्यालयात यायची आणि समोर बसलेला कर्मचारी ती चाळायचा. म्हणजे 'मला असं असं काम येतं' हे वाक्य यादीच्या भाषेत बसवायला एक माणूस मध्ये होता. नंतरच्या सगळ्या साइटनी हा माणूस काढून टाकला आणि त्याचं काम उमेदवाराच्या गळ्यात घातलं. पुढचं बरंचसं रामायण तिथूनच सुरू होतं.

मग यूजनेट, म्हणजे वेबच्या आधीपासूनचे इंटरनेटवरचे चर्चागट. 'मिस्क डॉट जॉब्स डॉट ऑफर्ड' हा गट संगणकवाल्यांमध्ये चांगलाच माहीत होता, आणि रेझ्युमे टाकायला वेगळा गट होता. सगळा मजकूर साधा, चित्र नाही, रंग नाही. पण विषयाच्या ओळीत ठिकाण आणि पद लिहायची पद्धत तिथे पडली होती, त्यामुळे शेकडो ओळींवरून नजर फिरवून दहा-बारा कामाच्या जाहिराती वेचता यायच्या. नको त्या दलालाच्या पोस्ट वाचकाला स्वतः गाळता यायच्या, कारण हे गट वाचायच्या प्रोग्राममध्ये, न्यूजरीडरमध्ये, तशी सोय होती. आणि उत्तर द्यायला समोर खरा ईमेल पत्ता होता. बिगर-संगणकी माणसाला यातलं काहीच जमण्यासारखं नव्हतं हे खरं. पण ज्याला जमत होतं त्याच्यासाठी ते काम करायचं.

ब्रिटनमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच जॉबसर्व्हने आयटीतल्या नोकऱ्या ईमेलने पाठवायला सुरुवात केली. ना साइटवर जायचं, ना फॉर्म भरायचा; यादी आपोआप दारात. अमेरिकेत बिल वॉरन यांनी १९९२ मध्ये कंपन्यांच्या पाठबळावर, ना-नफा तत्त्वावर ऑनलाइन करिअर सेंटर उभं केलं. आधी गोफरवर, म्हणजे नुसत्या मेनूंच्या उतरंडीवर, आणि नंतर वेबवर.

वेबवरची खरी गर्दी १९९४-९५ ची. जेफ टेलर यांचं मॉन्स्टर बोर्ड आणि बर्नार्ड होड्स या भरती-जाहिरात कंपनीचं करिअर मोझेइक १९९४ मध्ये आलं. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या सहा मोठ्या वर्तमानपत्रांनी मिळून करिअरपाथ काढलं. त्याच वर्षी नेटस्टार्ट नावाने सुरू झालेली कंपनी पुढे करिअरबिल्डर झाली. मॉन्स्टर बोर्ड आणि ऑनलाइन करिअर सेंटर दोन्ही टीएमपी या जाहिरात कंपनीने १९९५ मध्ये विकत घेतले आणि १९९९ मध्ये एकत्र करून मॉन्स्टर डॉट कॉम केलं. भारतात नौकरी डॉट कॉम १९९७ मध्ये आली. या यादीत एक गोष्ट लक्षात घ्या: बहुतेक मालक जाहिरातवाले किंवा वर्तमानपत्रवाले आहेत. त्यांना जाहिरात विकायची कशी हे उत्तम कळत होतं. शोध म्हणजे काय हे त्यांच्या धंद्यात कधी आलंच नव्हतं, कारण छापील पानावर शोध वाचकाचे डोळे करतात.

वर्तमानपत्रातली छोटी जाहिरात ओळीवर पैसे मोजून छापली जायची, म्हणून ती आखडून लिहिलेली. 'मॅनेजर'चं 'एमजीआर', 'एक्स्पीरियन्स'चं 'एक्स्प', आणि 'समान संधी देणारी कंपनी' हे आख्खं वाक्य तीन अक्षरांत. कागदावर वाचणाऱ्याला हे सहज कळतं. तीच जाहिरात जशीच्या तशी डेटाबेसमध्ये ओतली की 'मॅनेजर' शोधणाऱ्याला 'एमजीआर' दिसत नाही. शून्य निकाल आले की माणूस म्हणतो, या शहरात मॅनेजरची जागाच नाही. साइट चुकली असेल असं त्याच्या मनातही येत नाही. माझ्या चाचण्यांमध्येही हेच पुन्हा पुन्हा दिसलं आहे: रिकामा निकाल आला की लोक बाजाराला किंवा स्वतःला दोष देतात, सर्चला नाही. म्हणून असा दोष तक्रारीत येत नाही, आणि म्हणून तो दुरुस्तही होत नाही.

उलटा प्रकारही होता. 'ड्रायव्हर' टाकलं की ट्रकच्या नोकऱ्यांमध्ये संगणकाचे 'डिव्हाइस ड्रायव्हर' लिहिणारे प्रोग्रामर मिसळायचे. 'आर्किटेक्ट' टाकलं की इमारती बांधणाऱ्याला सॉफ्टवेअरच्या जागा. साधा शब्द-जुळणी सर्च याहून शहाणा असूच शकत नव्हता. पण खरी गंमत पुढेच आहे. या साइटचे पहिले ग्राहक प्रोग्रामर, आणि मजकूर शोधणारी त्या काळची अनेक सॉफ्टवेअर एक अक्षरी शब्द आणि विरामचिन्हं गाळून टाकायची. म्हणजे 'सी' आणि 'सी प्लस प्लस' या भाषा शोधणं अवघड. 'आयटी' ही दोन अक्षरं इंग्रजीतल्या 'इट' या फुटकळ सर्वनामासारखीच दिसतात, आणि असे शब्द अनुक्रमणिकेतून आधीच वगळलेले असायचे. ज्यांच्यासाठी दुकान उघडलं त्यांचाच माल मागच्या खोलीत कुलूपबंद.

शब्दांमध्ये मोकळी जागा सोडली तर तिचा अर्थ काय, हेही ठरलेलं नव्हतं. एका साइटवर दोन्ही शब्द हवेत असा अर्थ, दुसरीवर कोणताही एक चालेल असा, तिसरीवर तो नेमका शब्दसमूह हवा असा. हा खुलासा 'हेल्प'च्या पानावर असायचा, आणि ते पान कोण उघडतं?

वर्गवारीने सुटेल असं वाटत होतं, पण वर्गवारी कोणाची? अमेरिकन सरकारचा व्यवसायकोश १२,००० हून अधिक पदनामांचा होता. १९९८ मध्ये त्याची जागा ओनेट या नव्या रचनेने घ्यायला सुरुवात केली. साइटवर मात्र वीस-तीस वर्गांचा एक स्क्रोल करायचा चौकोन असायचा. रुग्णालयाचा हिशेब ठेवणाऱ्याने 'आरोग्य' निवडायचं की 'लेखा'? कंपनीतल्या ज्या माणसाने जाहिरात चढवली त्याने एक निवडलेलं असणार, आणि तुम्ही दुसरं निवडलंत तर भेट नाही. 'दोन्ही निवडा' हे सांगणं सोपं. पण त्या चौकोनात दुसरा पर्याय निवडायचा तर कंट्रोलची कळ दाबून ठेवावी लागते, आणि नुसतं क्लिक केलं की पहिली निवड गुपचूप जाते. हे आजही लोकांना आपणहून कळत नाही. आणि स्क्रोल झालेल्या यादीत आपली पहिली निवड गेली हे दिसतही नाही!

ठिकाणाचंही तसंच. यादी प्रांतांची किंवा महानगरांची. माणूस 'घरापासून अर्ध्या तासावर' असा विचार करतो. यादी प्रशासकीय सीमांवर चालते. दोन प्रांतांच्या सीमेवर राहणाऱ्याने दोनदा शोधायचं आणि मग दूरच्या शंभर जाहिराती हाताने गाळायच्या. पिनकोड आणि अंतर यांवरचा शोध पुढे रूढ झाला, आणि माझ्या मते दिसण्यातल्या सगळ्या सुधारणांपेक्षा ही एक सुधारणा मोठी होती.

आता वेग. १४.४ केबीपीएसचा मोडेम सेकंदाला जेमतेम पावणेदोन किलोबाइट आणतो. ४० किलोबाइटचं पान यायला वीस-पंचवीस सेकंद. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेली मर्यादा प्रसिद्धच आहे: दहा सेकंदांच्या पुढे माणसाचं लक्ष टिकत नाही. पण मंदपणा सगळ्यांनाच सारखा होता, त्याला दोष देऊन थांबू नका. त्या मंदपणात पानाची रचना कशी होती ते पाहा. निकालांच्या यादीत एका ओळीत पदनाम, कंपनी आणि बहुधा ठिकाण. प्रत्येक जाहिरात उघडून पाहण्याची किंमत अर्धा मिनिट, तेही फोनबिल चालू असताना. अशा वेळी ती एक ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि तिथेच कंपन्या 'उत्तम संधी' किंवा 'तातडीने हवेत' असलं पदनाम लिहायच्या. पगार नाही, अनुभव किती हवा ते नाही, पूर्णवेळ की कंत्राटी ते नाही. यूजनेटवरच्या विषयाच्या ओळीत याहून जास्त माहिती असायची.

उघडलेली जाहिरात नको म्हणून 'बॅक' दाबलं की आणखी एक सापळा. फॉर्म 'पोस्ट' पद्धतीने, म्हणजे शोधाचे शब्द पानाच्या पत्त्यात न घालता, पाठवलेला असेल तर तेव्हाचा ब्राउझर नेटस्केप सरळ 'डेटा मिसिंग' असं पान दाखवायचा: निकाल ब्राउझरच्या तात्पुरत्या साठ्यातून (कॅशमधून) गेले, पुन्हा फॉर्म पाठवा. पुन्हा शोध, पुन्हा तिसऱ्या पानापर्यंत यायचं, पुन्हा आपण कुठे होतो ते आठवायचं. 'पोस्ट'ऐवजी शब्द पत्त्यातच घालणारं 'गेट' वापरलं असतं तर निकालाचा पत्ता बुकमार्कही करता आला असता आणि रोज एका क्लिकमध्ये तोच शोध झाला असता. काही साइटनी ते केलं, पुष्कळांनी नाही. प्रोग्रामरच्या एका शब्दाचा फरक, आणि शोधणाऱ्याचे तासन्‌तास.

रेझ्युमेचा भाग मात्र निव्वळ छळ होता. ब्राउझरमधून फाइल पाठवण्याची पद्धत मांडणारा आरएफसी १८६७ हा दस्तऐवज नोव्हेंबर १९९५ चा. त्याआधी, आणि नंतरही बरीच वर्षं, उपाय एकच: वर्डमधला रेझ्युमे कॉपी करून एका पांढऱ्या चौकोनात चिकटवायचा. वळणदार अवतरणचिन्हं आणि गोल बुलेट पलीकडे पोचेपर्यंत प्रश्नचिन्हं व्हायची. दोन रकान्यांत नीट मांडलेला मजकूर एकात एक घुसायचा. म्हणून करिअर सल्लागार सांगू लागले की साध्या मजकुराची वेगळी प्रत ठेवा, ओळ ६५ अक्षरांच्या आत तोडा, तारखा टॅबने नव्हे तर स्पेसने सरकवा. दरम्यान मोठ्या कंपन्यांकडे रेझ्युमिक्ससारखी सॉफ्टवेअर आली होती, जी कागदी रेझ्युमे स्कॅन करून त्यातले शब्द वेचायची. त्यासाठी तिसरी प्रत: ठळक अक्षर नको, रेघ नको, वर शब्दांची एक यादी. एकाच माणसाचे तीन रेझ्युमे, एक माणसासाठी आणि दोन यंत्रांसाठी.

त्यानंतर लांबलचक फॉर्म आले, जे रेझ्युमेत लिहिलेलंच पुन्हा खान्याखान्यांत मागायचे. पाच-सहा पानांचा फॉर्म, मध्येच फोन वाजला की मोडेम तुटला, परत आल्यावर सेशन संपलेलं, सगळं पुसलेलं. आणि हे प्रत्येक साइटवर नव्याने. एका साइटचा रेझ्युमे दुसरीला वाचता यावा म्हणून एचआर-एक्सएमएल नावाचा समूह १९९९ मध्ये स्थापन झाला. कंपन्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये आपसांत देवाणघेवाण व्हायला त्याचा उपयोग झाला. उमेदवाराचं टायपिंग काही फारसं वाचलं नाही, कारण उमेदवार दुसऱ्या साइटवर सहज जाऊ शकावा यात कोणत्याच साइटचं हित नव्हतं.

रेझ्युमे टाकल्यावर तो कोण पाहतो, हा प्रश्न लोकांना डिझाइनपेक्षा जास्त छळायचा. सध्याच्या साहेबांनी पाहिला तर? हॉटजॉब्स या साइटने ठरावीक कंपन्यांना आपला रेझ्युमे दिसू नये अशी सोय दिली, आणि त्या काळातल्या मोजक्या खरोखर विचारी सोयींमध्ये मी तिला धरतो. ती सोय देणाऱ्याने शोधणाऱ्याच्या जागी बसून पाहिलं होतं.

आणखी एका गोष्टीबद्दल फार कमी बोललं जातं. अमेरिकन कामगार खातं आणि राज्यांच्या रोजगार कार्यालयांनी मिळून चालवलेली अमेरिकाज् जॉब बँक १९९५ पासून इंटरनेटवर होती. ती २००७ मध्ये बंद झाली. तिथे गोदामातल्या, कारखान्यातल्या, स्वयंपाकघरातल्या जागाही असत. खासगी साइटवर बराच काळ संगणक, विक्री आणि अभियांत्रिकीचाच भरणा. कारागीर तिथे आलाच तर पहिल्याच पानावर अडायचा, कारण ईमेल पत्ता सक्तीचा. हॉटमेल जुलै १९९६ मध्ये आलं. त्याआधी ईमेल म्हणजे नोकरीतला, विद्यापीठातला किंवा पैसे भरून घेतलेला. नोकरी गेलेल्या माणसाचा ईमेलही नोकरीबरोबरच गेलेला असायचा. वाचनालयातल्या संगणकावर बसलेल्याला तासाभरात उठावं लागायचं, आणि अर्धवट अर्ज साठवायची सोय नसायची. तुम्ही आज काही बनवत असाल तर सक्तीच्या प्रत्येक खान्यापुढे विचारा की हे ज्याच्याकडे नाही तो माणूस कोण आहे. उत्तर बहुतेक वेळा 'ज्याला नोकरीची सर्वांत जास्त गरज आहे तो' असं येतं.

शिळ्या जाहिराती हा दोष मी अपघाती मानत नाही. 'आमच्याकडे इतके लाख जागा' हाच साइटचा मोठेपणा होता. पद भरलं तरी जाहिरात काढायची घाई ना कंपनीला ना साइटला. उलट तारीख ताजी करून तीच जाहिरात पुन्हा वर आणायची युक्ती लवकरच रुळली, त्यामुळे 'नवीन आधी' हा क्रमही बेभरवशाचा झाला. एकच जागा कंपनी आणि तीन दलाल अशी चार वेळा दिसायची. अर्ज पाठवल्यावर 'धन्यवाद' असं एक पान, आणि मग शांतता. पोचला का, कोणी उघडला का, जागा भरली का, काहीच नाही. यातला तांत्रिक भाग तेव्हाही अवघड नव्हता. कोणाला तरी पलीकडे एक बटन दाबावं लागलं असतं, आणि त्या बटनाचे पैसे कोणी देत नव्हतं.

कंपन्यांच्या स्वतःच्या साइटवरून जागा गोळा करायचा प्रयत्न फ्लिपडॉगने २००० मध्ये केला. पुढच्याच वर्षी ती मॉन्स्टरच्या मालकांनी घेतली. २००४ मध्ये इंडीड आलं: दोन खानी, काय आणि कुठे, वर्गवारीचा चौकोनच नाही. लोक त्याच्या साधेपणाचं कौतुक करतात. मला त्यात जास्त महत्त्वाचं हे वाटतं की 'मी कोणत्या वर्गात बसतो' हे ठरवायचं ओझं पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उमेदवाराच्या डोक्यावरून उतरलं.

उरली ईमेलने येणारी सूचना, जिला तेव्हा 'एजंट' म्हणायचे. एकदा शोध साठवायचा, जुळणाऱ्या नव्या जागा मेलमध्ये. त्या काळातली ही सर्वांत चांगली सोय, कारण ती मोडेमचा वेळ, 'बॅक'चा सापळा आणि रोजचं टायपिंग तिन्ही टाळते. ती बिघडली तीही ठरावीक पद्धतीने. साठवलेला शोध बदलायची जागा सापडायची नाही, म्हणून लोक नवा साठवायचे आणि जुनाही चालू राहायचा. तारीख ताजी केलेली जुनी जाहिरात 'नवीन' म्हणून यायची. आठवड्यात काहीच जुळलं नाही तर मेलच यायचा नाही, आणि माणसाला कळायचं नाही की जागा नाहीत की एजंट बंद पडलाय. तुमच्या साइटवर अशी सूचना असेल तर तिच्यापासून सुरुवात करा: मेलमध्येच वर तो शोध जसाच्या तसा लिहा, शेजारी 'बदला' आणि 'थांबवा' द्या, आणि काही जुळलं नाही त्या आठवड्यातही 'या शोधाला या आठवड्यात एकही नवी जागा नाही' एवढी एक ओळ पाठवा.